मातीला हात लावा

१४ ऑक्टोबर २००६, शनिवार

पोचले. अनय विमानतळावर उभा होता. हातात फुलं नव्हती, थर्मॉसभर चहा होता. माझा मुलगा मला ओळखून आहे. त्याआधी कस्टम्सच्या माणसाने लाडवांच्या डब्याकडे बोट दाखवून यात काय आहे विचारलं, तेव्हा मी सांगितलं, माझा नवरा आहे. तो बिचारा दोन पावलं मागे सरला आणि त्याने मला जाऊ दिलं.

नॉटिंगहॅम संपून शेतं सुरू होतात त्या कडेला यांचं घर आहे. लाल विटांचं, छोटं, उबदार. किचनच्या खिडकीतून मागचं रान दिसतं. उर्वी म्हणाली, ही बहुतेक सगळी ॲशची झाडं. करड्या सालीची, उंच, सरळ; हात वर करून उभ्या राहिलेल्या सभेसारखी. पानं कडुनिंबासारखी एका देठावर जोडीजोडीने लागतात. दख्खनमध्ये हे झाड नाही, त्यामुळे आपल्या बोलण्यात त्याला नाव नाही. मी चहा पिता पिता त्याला विलायती निंब म्हणून टाकलं. सूनबाई हसली. चांगली सुरुवात झाली.

रघुवीरला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. त्याचा आजार बोटांच्या टोकांपासून सुरू झाला. आधी शर्टाची बटणं लागेनात, मग पेन धरवेना, मग मनगट, मग खांदा, मग जीभ, शेवटी श्वास. अनय सर्जन असून आणि मी एवढी बोलकी असून आम्ही दोघं नुसते बघत राहिलो. आत्मा, गती, पुनर्जन्म यांतलं मी काही मानत नाही; उभा जन्म व्यासपीठांवर तेच सांगण्यात गेला. अर्धी राख मी पुण्यात एका झाडाखाली घातली. उरलेली इथे आणली, कारण बापावर मुलाचाही हक्क असतो. तिचं काहीतरी हिरवं व्हावं, एवढंच मला हवं आहे.

२२ ऑक्टोबर २००६, रविवार

महाराष्ट्र मंडळाची दिवाळी. शाळेचा हॉल, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांतून आलेल्या चकल्या आणि मुलांची नाटुकली, ज्यात शिवाजी महाराज ‘माझा तलवार कुठे आहे’ असं विचारत होते. मला पाच मिनिटं बोला म्हणाले. हॉलच्या केअरटेकरने किल्ल्या वाजवेपर्यंत मी बोलले.

इथल्या मराठी घरांची एक गोष्ट मला आजच कळली. माणूस गेला की क्रिमेटोरियममधून राख मिळते, आणि पुढच्या वेळी इंडियाला जाऊ तेव्हा नाशिकला सोडू, म्हणून ती घरातच राहते. सुप्रभा फार्मसिस्ट आहे, पन्नाशीची. नवऱ्याची राख तिने बॉयलरच्या कपाटात ठेवली आहे, टॉवेलांच्या वर, तिथे ऊब असते म्हणून. डॉ. कमलाकर सत्तरच्या दशकात इथे भूल द्यायला आले आणि निवृत्तही झाले. त्यांच्या लीलावतीबाई पुस्तकांच्या फळीवर आहेत.

मी म्हटलं, नदी घाण करायला पाच हजार मैल कशाला जाता? जिथे घाम गाळलात तिथली माती तुमची नाही का? एकेक झाड लावा, मुळाशी आपलं माणूस घाला. हॉलभर टाळ्या थांबेनात. मला टाळ्या आवडतात. रोजनिशीत हे लपवून काय करायचं.

५ नोव्हेंबर २००६, रविवार

रानाच्या कडेची पडीक जागा पॅरिश कौन्सिलने, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीने, आनंदाने दिली. झाड ॲशचंच, हेही ठरलं. शेजारी एवढं रान असताना दुसरं कशाला.

डॉ. कमलाकरांशी मात्र वाद झाला. ते रोज या रानात फिरतात. त्यांनी मला झाडांखाली नेऊन दाखवलं, हाताएवढी, बोटाएवढी असंख्य रोपं आपोआप उगवली होती. म्हणाले, “वहिनी, हे इथे गवतासारखं उगवतं. माझ्या घराच्या पन्हळीतसुद्धा एक आहे. यातलीच उचलून लावू या.” मी पाहिलं. कुणी वाकडं, कुणी खुजं. मला रघुवीरच्या पहिल्या स्मृतिदिनी सगळी रोपं सारख्या उंचीची, रांगेत, ताठ हवी होती. लोकांच्या मनावर ठसायला हवं ना. म्हणून नर्सरीला सांगून टाकलं. रोपं हॉलंडहून लॉरीने येतात म्हणे. डॉक्टर हसून म्हणाले, “म्हणजे आपल्यासारखीच. व्हिसावर.”

२५ नोव्हेंबर २००६, शनिवार

झालं. आयुष्यातलं सर्वांत चांगलं भाषण आज झालं.

हाडं गोठवणारी थंडी होती. रोपं पोत्यांतून आली, मुळांभोवती त्यांचीच गळलेली पानं आणि काळे, ओले, काडीसारखे देठ. ते फेकायचे का, असं कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, हेच खत. राख, देठ आणि माती एकत्र कालवली. सगळे जाड हातमोजे घालून उभे होते, जणू आपल्याच माणसांचा विटाळ मानत होते. माझा पारा चढला.

मी ओरडले, “लोकहो, हातमोजे काढा. मातीला हात लावा.”

एकेकाने काढले. अनय घुटमळला. तो हात जपतो, गायकाने गळा जपावा तसे. घरी साधी सुरीसुद्धा सांभाळून धरतो. मी सगळ्यांसमोर त्याला विचारलं, बापाला हात लावायला भितोस? तो लालबुंद झाला. मग त्याने मोजे खिशात कोंबले आणि कोपरापर्यंत खड्ड्यात हात घातला. बाजूला सुप्रभा रडत होती आणि हसतही होती. उर्वी कॅमेऱ्यावर सगळं टिपत होती. आमच्या दोघांच्या हातांखाली रघुवीर मातीत मिसळला.

रात्री जेवताना अनय म्हणाला, आई, तू बरोबर होतीस. मला आणखी काय हवं?

२७ मे २००७

हिवाळाभर त्या रोपांच्या टोकांना काळ्या कळ्या होत्या, काजळीत बुडवल्यासारख्या. मी घाबरले, तर अनयने सांगितलं, आई, ॲशची कळी काळीच असते, आणि हे झाड सगळ्यांच्या शेवटी पालवतं. आज बघून आले. पालवली आहेत, सगळी.

सुप्रभा दर रविवारी फ्लास्क घेऊन येते आणि तिच्या झाडाशी बोलते. मी तिला टोकत नाही. उर्वीने काढलेला व्हिडिओ लेस्टरच्या मंडळाने मागून नेला, मग इल्फर्डच्या. कुणीतरी सीडी करून वाटतं आहे. माझा आवाज माझ्याआधी गावोगाव पोचतो आहे.

२२ जुलै २००७

पाऊस, पाऊस. रोपांना काहीतरी झालं आहे. शेंड्याची पानं ज्योतीवर धरल्यासारखी काळवंडली, पण गळत नाहीत, लोंबत राहतात. रघुवीरच्या झाडाचा शेंडा सर्वांत आधी गेला.

बुंध्याशी, आम्ही खत म्हणून घातलेल्या त्या काळ्या देठांवर, इवल्याशा पांढऱ्या अळंब्या उगवल्या आहेत. मोत्याच्या कुड्यांसारख्या. त्या ओंगळ चित्रात तेवढंच काय ते सुंदर. मी एक खुडून बोटांत फिरवली. पिठासारखं काहीतरी उडालं.

१९ ऑगस्ट २००७

उर्वीचा भाऊ स्वानंद आला. केंब्रिजला झाडांच्या रोगांवर संशोधन करतो. आल्या आल्या त्याने निळे रबरी हातमोजे चढवले. मी त्याची थट्टा केली. तो हसला, पण मोजे काढले नाहीत.

त्याने सगळं पाहिलं. फांदी जिथे खोडाला जुळते तिथे साल खचून तपकिरी डाग पडला आहे, अगदी शंकरपाळ्याच्या आकाराचा. चाकूने साल सोलली तर आतलं लाकूडही तसंच. त्याने समजावून सांगितलं: रोग पानातून शिरतो, देठातून डहाळीत, डहाळीतून फांदीत, फांदीतून खोडात. खोडाला वेढा पडला की वरचं सगळं मरतं. पोलंडमध्ये एका नव्या बुरशीला गेल्याच वर्षी नाव मिळालं आहे, तिकडे रानंच्या रानं वाळत आहेत. पण ती या देशात आल्याची कुठे नोंद नाही. मी अळंब्यांबद्दल विचारलं. त्या निरुपद्रवी, म्हणाला. शेकडो वर्षं इथेच आहेत, गळलेली पानं कुजवतात, बस.

टोकाकडून आत. मी त्याला म्हटलं नाही, पण हा रस्ता माझ्या ओळखीचा आहे.

१७ नोव्हेंबर २००७

स्वानंदने पाठवलेल्या नमुन्यातून काही सिद्ध झालं नाही. त्याचं स्वतःचं मत असं की, ती बुरशी गळलेल्या पानांत हिवाळा काढत असावी, तेव्हा पानं गोळा करून जाळा. मी मंडळ गोळा केलं. सारी दुपार आम्ही वाकून देठ वेचले. मोज्यांनी ते बारीक देठ उचलता येत नव्हते. लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मीच आधी मोजे काढले.

वारा सुटला होता. जेवढे वेचले त्याच्या कितीतरी पट उडून रानात गेले.

९ फेब्रुवारी २००८

अनयच्या हातून ऑपरेशन चालू असताना सुई निसटली. एकदाच. त्याने हसत सांगितलं. उर्वी हसली नाही. उजव्या हाताच्या बोटांची टोकं बधिर आहेत, बाकी काही नाही, म्हणाला.

योगायोग. अनेक वर्षं मी लोकांना सांगत आले: दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. हे वाक्य मी आज परत परत म्हणून पाहिलं.

६ एप्रिल २००८

अनयच्या सगळ्या तपासण्या झाल्या. वडिलांचा आजार नाही. दुसरा कुठलाही नाही. रिपोर्ट स्वच्छ. तरी त्याला ऑपरेशन थिएटरमधून बाजूला केलं आहे. दिवसभर खिडकीत बसून हातात रबरी चेंडू दाबतो. चेंडू पडतो. तो उचलतो. पडतो.

डॉ. कमलाकर चहाला आले. कप त्यांनी दोन्ही तळव्यांत धरला, लहान मूल धरतं तसा. माझ्या नजरेला नजर दिली नाही. मी विचारलं, कधीपासून? म्हणाले, थंडीमुळे असेल, वहिनी.

२५ मे २००८

रान पालवलं नाही.

नीट लिहिते. खालच्या फांद्यांना पानं आहेत. वरती सगळीकडे नुसत्या काड्या, आणि त्यांच्या टोकांना न उघडलेल्या काळ्या कळ्या. हात वर करून उभी राहिलेली ती सभा. आता तिची बोटं मेली आहेत.

सुप्रभा भेटली. तिच्या झाडाचं खोड वाळून गेलं आहे. तिचे दोन्ही हात शालीत होते, बाहेर काढले नाहीत. मी तिला बुरशीचं सांगू लागले, तिने मध्येच थांबवलं.

“ताई, मी त्यांना कपाटात ठेवलं होतं. तिथे ऊब होती.”

एवढंच बोलून निघून गेली.  

८ जून २००८

अनयच्या मनगटावर, अंगठा जिथे जुळतो तिथे, डाग. तपकिरी. शंकरपाळ्याएवढा.

तो म्हणतो, भाजलं असेल.

१५ जून २००८

हे कुणाला सांगायचं नाही.

भात शिजवला. पिंड केले. मी केले, देवयानीने, जिने सभेत पिंड आणून ते स्वतः खाऊन दाखवले होते आणि टाळ्या घेतल्या होत्या. उर्वी कामावर गेल्यावर रघुवीरच्या झाडाखाली ठेवले. म्हटलं, तुझं काय राहिलं असेल ते सांग. मी सगळं परत घेते. मुलाला सोड.

शेतावर कावळे होते. गावातल्या ओकच्या झाडांवर होते. या रानात एकही नाही. दुपारपर्यंत बसले. कुणी शिवलं नाही.

उठताना पाहिलं, पिंडांभोवती पांढऱ्या अळंब्या. जिथे काळा देठ तिथे अळंबी, देठाशिवाय एकही नाही. गेल्या उन्हाळ्यात फक्त आमच्या रोपांखाली होत्या. आता रानभर, जिथवर नजर जाते तिथवर. आणि त्यांतून वाऱ्याबरोबर निघणारं ते पीठ.

त्या निरुपद्रवी नाहीत. आम्हीच आणल्या. आम्हीच कालवल्या.

स्वानंदला फोन केला. म्हणाला, काकू, असं कुठल्याही पेपरमध्ये नाही. सौम्यपणे म्हणाला. दुःखात असलेल्या म्हाताऱ्या बाईशी बोलतात तसं. मी अशा बायकांशी नेमकी याच आवाजात बोलत आले.

२९ जून

आज ब्लाउजची बटणं लागेनात.

अनयचीही लागत नव्हती. आम्ही दोघं जिन्यात एकमेकांसमोर उभे राहिलो आणि एकमेकांची लावायचा प्रयत्न केला. नाही लागली. उर्वीने येऊन लावली, आधी त्याची, मग माझी. तिचे हात चांगले आहेत. त्या दिवशी तिच्या हातात कॅमेरा होता —

६ जुलै

डॉ. कमलाकर गेले. शेवटी श्वास. झोपेत नाही, जागेपणी. भूल देणारा माणूस.

त्यांच्या मुलाने फोनवर विचारलं, बाबांची राख आईच्या झाडाखालीच घालू ना? तुम्हीच सांगितलं होतंत —

नको म्हणाले. त्याला ऐकू गेलं नाही. माझा आवाज —

१३ जुलै

इल्फर्डहून फोन. मंडळाच्या सुनेत्राबाई. आनंदात होत्या. म्हणाल्या, तुमची सीडी पाहून आम्हीही हिवाळ्यात लावली, ताई, अगदी तुमच्यासारखी, सगळ्यांनी मोजे काढले, माझ्या सुनेने तर आठवा महिना असूनही. लेस्टरचीही मस्त आली आहेत. फक्त आताशा शेंड्याची पानं जरा काळपट दिसतात. कुठलं खत घालू?

मी सांगितलं. उपटा, जाळा, हात लावू नका, सीडी मोडून टाका. घोगरं, तुटक असं काहीतरी बाहेर पडलं. त्या म्हणाल्या, ताई, लाइन खराब आहे, पण तुमचा आवाज ऐकून बरं वाटलं.

माझा आवाज. पिठासारखा उडतो आहे. मी इथे बसले आहे आणि तो —

१६ जुलै

उर्वीला सांगायचं होतं, कॅमेरा आण, नवी सीडी करू. जीभ वळत नाही. तिने डोळे पुसले आणि पाणी दिलं. मला तहान नव्हती —

अनयचा डाग कोपराच्या वर गेला. वेढा पुरा झाला. खालचा हात थंड.

तो मला दोष देत नाही. एकदा द्यायला हवा होता. फक्त म्हणतो, आई, मातीचा वास किती छान होता ना त्या दिवशी —

१९ जुलै

पेन मनगटाला रबरबँडने बांधलं आहे. उर्वीने. खिडकी बंद ठेव म्हटलं, खुणेने. तिला वाटलं उकडतंय. उघडली.

वारा रानाकडून आहे.

तिच्या हातांच्या पाठीवर पांढरं — तिने झटकलं. हसली —

२०

नखाखाली काळं. टोकदार. कळीसारखं. उघडत नाही

उर्वीसुद्धा. तिने तर हात लावलाच नव्ह—

२१

लिहून ठेवते. कुणी वाचलं तर. इल्फर्डला पाठवा, लेस्टरला, जिथे जिथे माझं भाषण

लोकहो

मातीला हात